शिंप्याचं यकृत

शिंप्याला सुईत दोरा ओवता येईना. वय बावन्न, जवळची नजर गेलेली, उपाय चष्मा. एवढी साधी गोष्ट. पण चष्मेवाल्या शिंप्याला हाताने विणायची शर्टांची काजं कोण देईल, हे त्याने डोक्यात घेतलं. काजं गेली की राहणार उशांचे अभ्रे. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो मनातल्या मनात म्हणायचा. मोठ्याने म्हटलं असतं तर बायकोने टेप घेऊन कफनाचं माप काढलं असतं.

मग त्याने जीवनसत्त्व ‘अ’च्या गोळ्या आणल्या. डबीवर घारीचा डोळा. असली चित्रं छापणाऱ्यांना त्यांच्याच गोळ्या मूठमूठ चारायला हव्यात. डबीवर लिहिलेलं रोज एक, हा घ्यायचा तीन. वर माशाच्या यकृताचं तेल दोन चमचे आणि दिवसाआड खाटकाकडची कलेजी. त्याचा धंद्यातला हिशेबच तसा होता. शिवणीत कापडाची माया जरा जास्तच सोडावी, ती आत दडून राहते, गिऱ्हाईक सुटलं की उसवून वाढवता येतं. जास्तीने कधी कुणाचं बिघडलंय?

चार महिन्यांत डोकं ठणकायला लागलं, ओठ फुटले, तळहातांची सालं निघाली, केस उशीवर राहू लागले. गोळ्या कमी पडताहेत, असं ठरवून त्याने तिनाच्या चार केल्या. शेजारच्या मशीनवरून बायको हे सगळं बघत होती. “अहो, कात टाकून झाली,” ती म्हणाली, “आता फणा येण्याआधी दवाखान्यात चला.”

रक्त तपासलं. यकृताला सूज. डॉक्टरीणबाईंनी काय काय खाता विचारलं, तर याने गोळ्या सांगितल्या आणि तेल गिळलं. बायकोने तेलही सांगितलं, कलेजीही. अंधारात ठेचकाळता का, असं बाईंनी विचारल्यावर तो फुशारून म्हणाला, उंदीरसुद्धा दिसतो. मग ‘अ’ कमी नव्हतंच कधी, बाई म्हणाल्या. हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारं, लघवीवाटे निघून जात नाही. यकृत ते खास पेशींत, तेलाच्या थेंबांत साठवून ठेवतं आणि अंगाला लागेल तेवढंच एका प्रथिनाच्या पाठीवर बसवून रक्तात सोडतं. तो साठा महिनोन्‌महिने पुरतो.

शिंप्याला पटेना. शिल्लक असलेली काय वाईट?

बाईंनी अंगातल्या कोटाची शिवण उलटून दाखवली. कोट त्यानेच शिवलेला. “मास्तर, इथे माया किती?”

“दोन बोटं.”

“वीतभर सोडली असती तर?”

“तर कोट कसला? गाठोडं झालं असतं.”

 मग त्याने हळूच पोटाच्या उजव्या बाजूला हात नेला.

गोळ्या, तेल, कलेजी बंद. यकृत रिकामं व्हायला वेळ लागेल, पण होईल, असं बाई म्हणाल्या. चष्म्याची चिठ्ठी बायकोने परस्पर घेतली.

आठवड्याने चष्मा आला. शिंप्याने तो लावला आणि पहिल्यांदा खुंटीवरचे शर्ट बघितले. त्याचीच काजं अशी, जणू उंदराने कुरतडलेली. एकेक शर्ट उतरवताना त्याचा चेहरा पडत गेला.

“तुला दिसत होतं ना हे? मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही पाचवी गोळी घेतली असती.”

त्याने सुई उचलली. दोरा पहिल्या फटक्यात गेला. बायकोने मान वर केली नाही, फक्त उसवायचं पातं त्याच्याकडे सरकवलं.