ग्राफिक्सशिवायचा प्रोसेसर

तीन वाजता परीक्षा होती आणि सकाळी साडेदहाला मी कॉम्प्युटरच्या दुकानात सासऱ्यांशी पॉवर सप्लायवरून भांडत होते.

परीक्षा म्हणजे शाळेतली नव्हे. मी नकाशे काढते. घरांचे, दुकानांचे, जिन्यांचे, मोऱ्यांचे. एकोणीस वर्षं एकाच आर्किटेक्टकडे काढले. मग तो थकला, त्याने कचेरीला कुलूप लावलं आणि मला आशीर्वाद दिले. आशीर्वादावर किराणा मिळत नाही. चार महिने हातपाय मारल्यावर एका कंपनीने हो-नाही करत कळवलं की काम घरून करायचं, पण स्वतःच्या कॉम्प्युटरवर. शनिवारी तीनला आम्ही मोजमापं पाठवू, सहाच्या आत नकाशा पुरा करून द्या. जमला तर सोमवारपासून काम, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. नवरा परगावच्या कारखान्यात अर्ध्या पगारावर होता. यादीतलं पुढचं नाव आम्हाला परवडणारं नव्हतं.

बँकेतली ठेव मोडून तीस हजार शुक्रवारी संध्याकाळी हातात आले, म्हणून खरेदीला शनिवार उजाडला. तयार कॉम्प्युटर एवढ्यात येत नव्हता. सुटे भाग घेऊन घरी जोडायचा, असं ठरलं. आठ दिवस मी व्हिडिओ बघून यादी केली होती, खोडली होती, पुन्हा केली होती. मॉनिटर, कीबोर्ड, माउस जुन्या कचेरीतून फुकट मिळाले होते. बाकी सगळं शेवटच्या शंभरापर्यंत बसवलं होतं. आणि नाना, म्हणजे माझे सासरे, त्या यादीला चूड लावत होते.

नाना चाळीस वर्षं वायरमन होते. नुसते वायरमन नव्हेत, टोळीचे मुकादम. जोडणीला मदत करायला मीच त्यांना आणलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"नाना, अकराशेचापण चालतो. लिहिलंय ना त्याच्यावर, साडेचारशे वॅट."

"लिहिलेलं काय गं, कुणीपण लिहितं. हातात धरून बघ." त्यांनी दोन सप्लाय दोन हातांत घेतले आणि बाजारात भोपळे तोलावेत तसे तोलले. "हा हलका लागतोय. आत माल कमी आहे. उद्या हा गेला ना, तर एकटा नाही जाणार. सगळ्या वऱ्हाडाला घेऊन जाईल."

"पण तो बत्तीसशेचा आहे!"

"मग दुसरं काहीतरी कमी कर. करंट जिथून येतो तिथे काटकसर करायची नाही."

"आजोबांचं म्हणणं खोटं नाही," दुकानदार म्हणाला. याच माणसाने मी दारात पाऊल टाकल्यावर विचारलं होतं, "ताई, मुलासाठी बघताय का?" तेव्हापासूनच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मागे कॉलेजातली दोनतीन पोरं खोळंबली होती आणि माझी यादी वाचून एकमेकांकडे बघत होती.

एकवीसशे कुठून तरी काढायला हवे होते. रॅम कमी करता येत नव्हती, नकाशाचा प्रोग्रॅम ती घटाघटा पितो. डिस्क आधीच सगळ्यांत लहान होती. कॅबिनेट तर असं, की पत्र्याला बोट लावलं तर ते आत जायचं. उरला प्रोसेसर.

दुकानदाराने मागच्या फळीवरून दुसरा डबा काढला. "हा घ्या मग. तोच प्रोसेसर, वेगपण तोच, फक्त ग्राफिक्सशिवाय. दोन हजारांनी कमी. घरी कार्ड आहे ना?"

नाना डोळ्यांजवळ धरून सप्लायचं लेबल वाचत होते. पोरं माझ्याकडे बघत होती. आणि मी मान हलवली. आहे म्हणून.

कार्ड नव्हतं. कसलंच नव्हतं. व्हिडिओत एकाने सांगितलं होतं की साध्या नकाशांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, दुकानदार उगाच गळ्यात मारतात. ते मी पक्कं धरून बसले होते. त्यामुळे मला वाटलं, नाही म्हटलं की हा आता कार्ड काढणार आणि माझ्या गळ्यात बांधणार. ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्राची सोय असते त्यालाच कार्ड लागत नाही, हे त्या माणसाने सांगितलं असेलही. मी तेवढ्यात कुकरची शिटी ऐकून उठले असेन. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि त्या क्षणी माझ्याइतकं शहाणं त्या दुकानात कुणी नव्हतं. वरचे शंभर दुकानदाराने सोडले. सिस्टिम डिस्कवर चढवून दिली. सव्वाअकराला आम्ही खोके घेऊन बाहेर पडलो.

घरी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून बसलो. नानांनी हातातलं घड्याळ काढलं, अंगठी काढली, अंगातली वीज उतरावी म्हणून नळाला हात लावून आले. त्यांच्या बोटांपुढे मी काही बोलू शकत नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवून त्यांनी तो असा ठेवला की आवाजसुद्धा आला नाही. खटका पाडताना मीच डोळे मिटले. रॅम दोन्ही बाजूंनी टक् टक् बसली. पंखा, डिस्क, सप्लायच्या जाड वायरी. त्या वायरींवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं आणि समाधानाने हुंकार दिला. मला तो हुंकार दोन हजारांना पडला होता, म्हणून मी घड्याळाकडे बघितलं. पाऊण वाजला होता. कंपनीचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायलाच अर्धा-पाऊण तास लागणार होता.

मी बटणाकडे हात नेला तर नानांनी तो धरला.

"थांब. पहिलं बटण मी दाबणार."

"का?"

"आमच्यात तसंच असतं. नव्या लाइनीचं पहिलं बटण मुकादमाने दाबायचं. काही उडालं, जळलं, तर मालकापुढे जाऊन उत्तर त्याने द्यायचं. हाताखालच्या माणसाने नाही."

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला. कॅबिनेटवरचा निळा दिवा लागला. माझ्या तोंडून "लागला!" असं निघालं आणि पुढचं मिनिटभर मॉनिटर काळाच राहिला. मग त्यावर अक्षरं आली, 'सिग्नल नाही', आणि तीही विझली.

वायर काढून पुन्हा लावली. तेच. रॅम काढून पुन्हा बसवली. तेच. नानांनी मीटर आणला, सप्लायच्या एकेका तारेला टोक टेकवून आकडे वाचले. बारा, पाच, तीन पॉइंट तीन. सगळे जागच्या जागी. "करंट बरोबर आहे," ते म्हणाले. "करंटाचा दोष नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं.

"नसणारच! तुमच्या करंटाचा कधी दोष असतो का? त्या सोन्याच्या सप्लायपायी मला हा दळभद्री प्रोसेसर घ्यावा लागला! चाळीस वर्षं बल्ब लावले म्हणून कॉम्प्युटर कळतो असं नाही, नाना!"

 नानांनी मीटरच्या तारा गुंडाळल्या, सावकाश, नेहमीसारख्या. मी प्रोसेसरचा रिकामा डबा उचलला. बाजूला बारीक अक्षरांत एकच ओळ होती: चित्र दिसण्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड आवश्यक. माझी पाचावर धारण बसली. दुकानदाराने विचारलेला प्रश्न मला शब्दनशब्द आठवला, आणि माझी मानसुद्धा आठवली. खाली, वर, खाली. मी ती ओळ तळहाताखाली झाकली आणि म्हटलं, "प्रोसेसर बदलून आणायला हवा. याच्यात चित्राची सोय नाही."

"चल मग," नाना म्हणाले.

प्रोसेसर उपटून, पुसून डब्यात घातला. स्वयंपाकघरातल्या डब्यात रोजच्या खर्चाचे अठराशे होते ते घेतले, पिगी बँकेतले दोनशे घेतले. दुकान दीडला जेवायला बंद व्हायचं. वाटभर मी पुढे आणि नाना मागे. त्यांच्या गुडघ्यांमुळे मला थांबावं लागत होतं आणि थांबायचा राग येत होता. पोचलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. नाना वाकून आत शिरले.

"उघडलेला प्रोसेसर परत घेत नाही," दुकानदार म्हणाला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. आत सकाळचीच पोरं होती, त्यांचाही कॉम्प्युटर जोडून होत होता. "आणि मी स्पष्ट विचारलं होतं, घरी कार्ड आहे का. हो कोण म्हणालं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजून एकतीस मिनिटं.

"चूक माझी," नाना म्हणाले. "सप्लायचा हट्ट मी धरला. कामाचा मुकादम मी, बटण मी दाबलं. त्यामुळे उत्तर मी देणार."

"आजोबा, असं कसं हो?"

"आता झालं खरं."

"अहो, काळ बदलला. हे काय दिवाबत्तीचं काम आहे? वय झालं की माणसाने यात पडू नये. ताई, तुम्हीतरी लक्ष द्यायचं. यांच्या नादी लागलात आणि बसलात."

पोरं हसली. एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाला आणि ती पुन्हा हसली. नानासुद्धा त्यांच्याबरोबर हसले, जरा जास्तच. मी पाटी वाचल्यासारखं केलं. मला दिसत होतं ना, की दुकानदार विरघळतोय. म्हाताऱ्याच्या चुकीला तो माफी देणार होता. यादी मिरवत आलेल्या, सगळं कळतं असं दाखवणाऱ्या बाईला त्याने पाटी दाखवली असती. एवढा हिशेब मी तेवढ्या वेळात केला. करू शकले, याची मला अजून लाज वाटते.

"द्या इकडे," तो शेवटी म्हणाला. "या पोरांकडे कार्ड आहे, यांच्याच कॉम्प्युटरमध्ये हा लावून टाकतो. वरचे दोन हजार द्या. आणि आजोबा, पुढच्या वेळी नुसते सोबत या. बोलू नका."

"नाही बोलणार," नाना म्हणाले.

दोन वाजून दहा मिनिटांनी घरात पडदा उजळला. या वेळीही बटण त्यांनीच दाबलं. प्रोग्रॅम उतरायला लागला, मध्येच ऐंशी टक्क्यांवर अडला, पुन्हा सुरू झाला. दोन छप्पन्नला चढला. तीनला मोजमापं आली. एका तीन मजली इमारतीचा जिना होता, मध्ये खांब घुसवलेला, मुद्दाम कुणाला तरी रडवायला काढल्यासारखा. मी शेवटपर्यंत खुर्ची सोडली नाही. नानांनी दोनदा पाणी आणून ठेवलं आणि दोन्ही वेळा पाय न वाजवता गेले. सहाला आठ कमी असताना मी फाइल पाठवली.

सव्वासहाला फोन आला. कंपनीतल्या बाई म्हणाल्या, खांब जिन्याची वाट अडवतो ही गोष्ट आतापर्यंत फक्त दोघांच्या लक्षात आली, तुम्ही त्यातल्या एक. सोमवारी पहिलं काम पाठवते.

मला आधी रडू आलं, मग हसू. नवऱ्याला फोन लावला. तो तिकडे ओरडलाच. मग म्हणाला, "नानांना दे." नाना फोनवर म्हणाले, "हो, हो, उत्तम झालं. मध्ये जरा घोळ झाला होता, मीच घातला." आणि हसले. दुकानात हसले होते तसेच.

ते हसू मला ऐकवेना. फोन ठेवल्यावर मी त्यांच्यासमोर बसले.

"नाना, घोळ तुम्ही नाही घातला. त्याने विचारलं तेव्हा हो मी म्हटलं होतं. तुमचं लक्ष नव्हतं, तुम्ही लेबल वाचत होतात."

"डोळ्यांनी वाचत होतो," नाना म्हणाले. "कानांनी नव्हतो वाचत."

 "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी इथे ओरडले तेव्हासुद्धा?"

"तेव्हा वाटलं होतं, असेल कुठे कार्ड. तुझी कचेरीतली ट्रंक आहे, तिच्यात असेल. तू डबा झाकलास तेव्हा कळलं, नाही."

"मग दुकानात का बोललात असं? त्या पोरांनी तुम्हाला हसून घेतलं."

"तीनला परीक्षा होती," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की ते चिडलेले आहेत. हे साधंसुधं चिडणं नव्हतं. दिवसभर दाबून धरलेलं होतं. "तुला असं वाटतंय की मी तुझ्यावर उपकार केले. नाही केले. घरातली चूल पेटायला हवी होती, म्हणून बोललो. पण बल्ब लावले म्हणालीस ना? चाळीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकानेही स्वतःची चूक माझ्या नावावर टाकून मजुरी घेतली नाही. घेऊ दिली नसती."

मी "चुकले" म्हणाले. खरंच म्हणाले, आतून.

"मला कशाला सांगतेस? मला माहीत होतं," नाना म्हणाले. "ज्याला माहीत नाही त्याला सांग. दुकान साडेसातपर्यंत उघडं असतं."

मी घड्याळाकडे बघितलं. पावणेसात झाले होते.

"उद्या गेले तर?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी उठले आणि चपला शोधायला लागले. शनिवारी संध्याकाळी त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, हे मला चांगलं माहीत होतं.