दहा रुपयांचं तेल

"खाली वाका, ताई. अजून. डोळा रेघेच्या बरोबर समोर आला पाहिजे. वरून बघितलं की आकडा खोटं बोलतो."

तेजल ओट्यासमोर गुडघ्यांवर बसली. काचेच्या उंच मोजपात्रात पिवळसर, दाटसर पामतेल होतं. बाहेर जानेवारीची सकाळ होती आणि द्वारका चौकाच्या मागच्या त्या वसाहतीत अजून ऊन उतरलं नव्हतं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"अठ्ठावन्न मिली," गांगुर्डेमामा म्हणाले, आणि कंबर सरळ करत बायकोकडे, लताबाईंकडे असे पाहू लागले, जणू काही शोध त्यांनीच लावला होता.

खरं तर प्रश्न लताबाईंना विचारला होता. तेजल एम.ए.ची विद्यार्थिनी. हातात रोख नसलेली कुटुंबं खाण्यापिण्यावर कसा खर्च करतात, यावर ती प्रबंध लिहीत होती. डाळ किती, दूध किती, असं विचारत ती तेलापर्यंत आली, तेव्हा लताबाई म्हणाल्या, "सोमनाथच्या दुकानातून रोज दहा रुपयांचं सुटं आणते."

"दहा रुपयांचं म्हणजे किती?"

लताबाई तोंड उघडणार, एवढ्यात मामा उठले. मोजमापाची गोष्ट निघाली की त्यांना कुणाचं पूर्ण ऐकून घेता येत नसे. फळीवरून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं मोजपात्र काढलं, नुकत्याच आणलेल्या पिशवीची गाठ सोडली आणि तेल ओतलं. सोमनाथचं माप सत्तरचं, असं सगळी गल्ली धरून चालली होती. भरलं अठ्ठावन्न.

सावळीराम गांगुर्डे एका विनाअनुदानित कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. पोरं त्यांना मामा म्हणत, सरही मामाच म्हणत. नळीतून तेल किती सेकंदांत खाली उतरतं, ग्लिसरिनला किती वेळ लागतो, हे मामा घड्याळ धरून मोजायचे. मग त्या आकड्यांवर कुणी पीएच.डी. व्हायचं, कुणाचा निबंध छापून यायचा. नाव सरांचं, मार्गदर्शकांचं, कधी कधी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचंसुद्धा. मामांचं कुठेच नाही. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण विसरलेही नव्हते. निवृत्त झाले त्या दिवशी बुडाचा टवका उडालेलं हे मोजपात्र सरांनी त्यांना दिलं. फंडाचे पैसे मुलाच्या, समाधानच्या टेम्पोत गेले, आणि टेम्पोचं काही धड जमलं नाही. समाधान महिन्याला पाठवील तेवढ्यावर घर चालत होतं. एकदम लिटरभर तेलाला पैसे काढले, तर भाजीला उरत नसत.

"मामा, आजचं धरून असं सात दिवस रोज मोजून द्याल?" तेजलनं विचारलं. "हाच माझा मुद्दा आहे. थोडं थोडं घेणाऱ्याला महाग पडतं. तक्त्याखाली मी लिहीन, मोजमाप सावळीराम गांगुर्डे."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण नाव."

मग काय विचारता! मामा रोज सकाळी सातला मफलर गुंडाळून स्वतः समोरच्या दुकानात जाऊ लागले. घरी येऊन तेल ओतायचं, वाकायचं, वहीत लिहायचं. अठ्ठावन्न, सत्तावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न. रिकामी पिशवी ओट्यावर टाकून ते वही घेऊन दारात बसत. लताबाई पिशवी उचलत आणि आपल्या कामाला लागत.

सातव्या दिवशी तेजलनं वहीचा फोटो काढून नेला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मामांच्या पोटात आनंद मावेना. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी सांगून टाकलं, "सोमनाथ सत्तरचे अठ्ठावन्न देतो. मी मोजलंय. सात दिवस."

मामांच्या शब्दावर शंका कोण घेणार? गल्लीतला राकेश मोबाईल उगारून थेट दुकानात गेला. डबा, माप, सोमनाथचा गोंधळलेला चेहरा, सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि तक्रार करतो म्हणून दम दिला. मंगळवारी सकाळी दुकानासमोरचा तेलाचा डबा नाहीसा झाला होता. पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं होतं : सुटे तेल मिळणार नाही.

दिवे लागायच्या सुमाराला कुसाबाई दारात आली. ती सुरगाण्याकडची. इथे बांधकामावर विटा-वाळू वाहायची. हातात रिकामी वाटी.

"लताताई, वाईच तेल हाय का? सोमनाथ म्हणतो, पाऊच घे. एकशेतीसचा. माझ्यापाशी चाळीस हायेत, त्यात पोरांचं पीठ आणायचं."

"त्यानं लुटलंच तुम्हाला इतके दिवस," मामा म्हणाले.

"लुटलं आसंल, मामा. पर देत व्हता ना." कुसाबाईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता काय, कोरड्या तव्यावर भाजी करू?"

लताबाईंनी खिडकीतली झाकलेली स्टीलची वाटी काढली. ती जवळजवळ काठोकाठ तेलानं भरलेली होती.

"हे कुठलं?" मामांनी विचारलं.

"आपलंच. तुमच्या मोजून झालेल्या पिशव्यांमधलं."

"पिशव्या तर रिकाम्या होत्या."

"रिकाम्या कसल्या! या थंडीत तेल थिजतं, पिशवीला चिकटून बसतं. तुम्ही ओतून मोकळे होता. मी कोपरा कापून पिशवी खिळ्याला उलटी टांगते, खाली वाटी ठेवते. दुपारी ऊन आलं की सगळं उतरतं. दर थंडीत करते मी हे. या वेळचं रविवारच्या धिरड्यांना साठवलं होतं."

मामांनी वाटी तिच्या हातातून घेतली. फळीवरून मोजपात्र काढलं. तेल ओतलं, वाटी उलटी धरली आणि या वेळी थांबले. तार तुटली, थेंब सुरू झाले, थेंबही थांबले. मग ते वाकले.

चौऱ्याऐंशी.

सात पिशव्या. प्रत्येकी सरासरी बारा. अठ्ठावन्न आणि बारा सत्तर.

एकतीस वर्षं ते पोरांना एकच गोष्ट सांगत आले होते : तेल पाण्यासारखं नसतं, घाई करू नका, भांड्याला लागलेलं उतरू द्या. आणि स्वतःचं नाव लागणार म्हटल्यावर त्यांना एक मिनिट थांबता आलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सांगितलं का नाहीस?"

"त्या पोरीनं मलाच तर विचारलं होतं," लताबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही बोलू दिलंत?"

कुसाबाई वाटी भरून घेऊन गेली. रात्री मामा नीट जेवले नाहीत.

सकाळी दुकानात दूध-पावाची गर्दी होती. मामा मुद्दाम त्याच वेळी गेले. मफलर काढून हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोमनाथ, तुझं माप बरोबर आहे. सत्तरच आहे. मोजायला मी चुकलो."

पाठीमागे उभ्या असलेल्या राकेशनं मोबाईल खिशात घातला.

सोमनाथ पाव मोजत राहिला. पाव देऊन झाले, तेव्हा म्हणाला, "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण मामा, तो व्हिडिओ माझ्या मुलीच्या सासरी पोचला. व्याह्यांनी फोन करून विचारलं, काय हो, मापात मारता का?"

"मी येतो त्यांच्याकडे. सांगतो."

"वणीला जाणार तुम्ही? आणि कुणाकुणाकडे जाल?" त्याचा आवाज चढला नाही, हेच मामांना जास्त लागलं. "सुट्या तेलात मला काही सुटत नव्हतं. वर सुटं विकायला परवानगीही नसते. बाया मागायच्या म्हणून ठेवत होतो. आता नाही ठेवणार."

"माझ्यासाठी नको. त्या कुसाबाईसाठी तरी..."

"तिच्यासाठीच ठेवत होतो, मामा."

घरी येऊन त्यांनी तेजलला फोन लावला. सगळं ऐकून ती उत्साहानं म्हणाली, "मामा, काळजी करू नका. अजून छपाईला दिलं नाही. सत्तर लिहू या ना. तरी पाऊचपेक्षा महागच पडतं, माझा मुद्दा राहतोच. आणि तुमचं नावही राहील."

मामा खिडकीपाशी उभे होते. खिळ्याला शेवटची पिशवी अजून लटकत होती. नाव राहील. फोन कानाला लावूनच त्यांनी पिशवीचा कापलेला कोपरा बोटानं चाचपला.

"मामा? ऐकताय ना?"

"सत्तर मी मोजलेलं नाही, ताई. बेरजेनं आलंय. आणि पिशवीतलं उरलेलं निथळवलं ते हिनं, मी नव्हे. तो तक्ता काढून टाका."

"मग नाव..."

"नावही काढा."

लताबाई भाकरी थापता थापता थांबल्या होत्या. त्यांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली.

दोन दिवसांनी मामा द्वारकेला चालत जाऊन तेलाचा एक लिटरचा पाऊच घेऊन आले. घरातलं पंधरा दिवसांचं दूध बंद झालं. कोरा चहा लताबाईंना मुळीच आवडत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड वाकडं केलं, मग मुकाट्यानं पिऊ लागल्या. पाऊच त्यांनीच दुपारी उन्हात ठेवला आणि पहाटे मामांच्या आधी उठून कोमट पाण्यात धरला.

सकाळी सातला दारात कुसाबाई आली. तिच्या मागे आणखी दोघी, वाट्या घेऊन.

"दहा रुपयाचं द्या, मामा. तुम्हाला परवडंल का पर?"

"जेवढ्याला आणलं तेवढ्यालाच देतोय."

त्यांनी मोजपात्रात तेल ओतलं. गुडघे कुरकुरले, तरी ओट्यासमोर पूर्ण खाली बसले, डोळा रेघेच्या समोर आणला. मग मोजपात्र तिच्या वाटीवर उलटं केलं. तेलाची धार पडली, बारीक झाली, तुटली. मोजपात्र त्यांनी तसंच धरून ठेवलं.

समोर सोमनाथ दुकानाचं शटर वर करत होता. अर्ध्यावर हात ठेवून तो क्षणभर इकडे बघत राहिला, मग आत गेला.

"झालं की, मामा," कुसाबाई म्हणाली. "नाक्यावरची गाडी जाईल माझी. उशीर झाला तर मुकादम उभं राहू देत नाय."

"थांब," मामा म्हणाले. लताबाईंनी मागून येऊन त्यांच्या मनगटाखाली हात दिला. "अजून उतरतंय."