आठ महिन्यांचा राष्ट्रप्रमुख

“प्रत्येक देशाला नऊ ओळी,” ओगावा-सान म्हणाले. “बुर्किना फासोच्या दहा होतात.”

बैठकीच्या खोलीत सहा जण होते. पडद्यावर नव्या आवृत्तीचं नमुना पान होतं. डावीकडे नकाशा, उजवीकडे ‘स्वातंत्र्यापासूनचे राष्ट्रप्रमुख’ अशी चौकट. शाळा आणि वाचनालयांसाठी जगातल्या देशांची वार्षिक माहितीपुस्तिका काढणारी ही जपानमधल्या कोतोतली छोटी प्रकाशनसंस्था. यंदा पुस्तकाचं रूप बदलायचं ठरलं होतं. फोटो मोठे, मजकूर कमी. नेत्यांच्या नावापुढे आजवर पूर्ण तारखा असत, आता फक्त वर्षं असणार होती.

“दामिबा आठच महिने होते,” विभागप्रमुख ओगावा-सान पुढे म्हणाले. “ते काढले की बसतं.”

चार माना डोलल्या. पाचवी कस्तुरी बर्वेची होती. तिने हात वर केला.

“ते काढता येणार नाहीत,” ती म्हणाली. “आठ महिने देश त्यांच्या हातात होता. त्यांनी काबोरेंना हटवलं आणि त्राओरेंनी त्यांना. मधला माणूस गाळला तर काबोरेंना त्राओरेंनी हटवलं असा अर्थ होतो. तसं घडलेलं नाही.”

मांडणी करणारी मियाता-सान आपल्या पेनचं टोपण काढून पुन्हा लावत राहिली. ओगावा-सान म्हणाले, “बारुवे-सानचं म्हणणं विचारात घेऊ,” आणि पुढच्या देशाकडे वळले. जपानी तोंडी बर्वेचं बारुवे व्हायचं. पाच वर्षांत कस्तुरीला एवढं कळलं होतं, की इथे विचारात घेतलेली गोष्ट परत बाहेर येत नाही.

पुण्यात ती कॉलेजात फ्रेंच शिकवायची. पुष्करचं, तिच्या नवऱ्याचं, इथल्या कंपनीचं काम वाढत गेलं, तशी ती शेजारच्या एदोगावात घर करून राहिली, जपानी शिकली, परीक्षा दिल्या. २०२०च्या एप्रिलमध्ये तिला वर्षावर्षाच्या करारावर हे काम मिळालं. फ्रेंच चालणाऱ्या आफ्रिकी देशांची पानं तिच्याकडे आली. त्यातलं बुर्किना फासोचं पान तिने इतक्यांदा तपासलं होतं, की ते तिला न बघता म्हणता आलं असतं. स्वातंत्र्य ५ ऑगस्ट १९६०, तेव्हाचं नाव अपर व्होल्टा. यामेओगो सहा वर्षं, लामिझाना चौदा, झेर्बो दोन, वेद्राओगो नऊ महिने. मग सांकारा. त्यांनी देशाचं नाव बदललं आणि चार वर्षांत ते मारले गेले. कॉम्पाओरे सत्तावीस वर्षं. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा देश सोडून गेले. काफांदो हंगामी. काबोरे निवडून आलेले. दामिबा. त्राओरे.

तिला खरा राग वेद्राओगोंच्या ओळीचा येत होता. त्यांना जेमतेम नऊ महिने मिळाले होते, पण ते दोन वर्षांत विभागलेले. चौकटीत ‘१९८२–१९८३’ असं भरघोस दिसायचं. दामिबांचं सगळं एकट्या २०२२मध्ये उरकलं होतं.

त्या वर्षी तिने हाताने काम केलं होतं. जानेवारीत दामिबांनी सत्ता घेतली. नाव परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर बदलेपर्यंत आपण बदलायचं नाही, हा संस्थेचा नियम. ते बदलल्यावर गोदामातल्या अकराशे प्रतींवर दुरुस्तीची चिठ्ठी लावायची ठरली. चिठ्ठी छापून आली की पोलादी पट्टीने कापायची, मागे गोंदाचा पातळ हात, पट्टी धरून सरळ बसवायची, अंगठ्याच्या नखाने कडा दाबायच्या, वर लोखंडी वजन. मेच्या नव्या आवृत्तीत त्यांचं नाव रीतसर छापलं गेलं. सप्टेंबरच्या तीस तारखेला त्राओरे आले. ऑक्टोबरात तेवीसशे प्रती, त्याच नावावर दुसरी चिठ्ठी. मियाता-सान तेव्हा म्हणाली होती, “या देशाने आपली बोटं खराब केली.” दोघी हसल्या होत्या.

बैठकीच्या संध्याकाळी पुष्कर कांदा चिरत होता. ती भांडी पुसत होती.

“अगं, मीटिंगमध्ये कोणी नाही म्हणतं का?” तो म्हणाला. “आधी एकेकाला गाठायचं, कॉफी मशिनपाशी, हळूच. नेमावाशी करायची. मीटिंग फक्त माना डोलवायला असते.”

“मला शिकवू नकोस. पाच वर्षं तेच करतेय.”

“मग आज काय झालं?”

“पान आदल्या दिवशी साडेपाचला मेल केलं त्यांनी. कोणाला गाठू? झाडूवाल्याला?”

“सोडून द्यायचं ना. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट आहे तुझं. या वेळी रिन्यू झालं तर पाच वर्षं पार. मग कायम करा म्हणून मागता येतं, कायदाच आहे तसा. आणि नेमकं आत्ता तू हात वर करतेस.”

त्यांची मुलगी सई टेबलावर अभ्यास करत होती. चौदा वर्षांची. तिने एका कानातला इअरबड काढला. “हू इज दामिबा?”

“एका देशाचा आठ महिने प्रमुख होता.”

“गुड गाय?”

“तसं नाही म्हणता येणार. बंदुकीच्या जोरावर आला, तसाच गेला.”

“देन व्हाय फाइट फॉर हिम?”

“त्याच्यासाठी नाही भांडत गं.” कस्तुरीने तोच चमचा दुसऱ्यांदा पुसला. “तो होता, म्हणून भांडतेय.”

“हेन् ना हितो,” सई स्वतःशीच पुटपुटली. विचित्र माणूस. कोणाबद्दल, ते तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कस्तुरीने रीतीप्रमाणे सगळं केलं. मियाता-सानला जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

“अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान केलं तर दहा ओळी बसतात,” मियाता-सान म्हणाली. “मी करून बघितलंय. दिसतही नाही.”

“मग दाखवा ना त्यांना.”

“दाखवते.” मग ती म्हणाली, “पण पानं सगळी सारखी हवीत, असं ते म्हणतील.”

ते तसंच म्हणाले. कस्तुरीने मग एका कागदावर तारखांसह सगळा क्रम लिहून ओगावा-सानच्या टेबलावर ठेवला. खाली एकच वाक्य लिहिलं, की हे पुस्तक मुलं वापरतात. कागद दोन दिवस तिथेच होता. तिसऱ्या दिवशी त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ओगावा-साननी तिला त्याच खोलीत बोलावलं. समोर एक पाकीट होतं.

“करार एकतीस मार्चला पूर्ण होतोय. पुढे वाढवता येणार नाही. फार वाईट वाटतं.”

“त्या दिवशी मी बोलले म्हणून?”

“नाही, नाही.” ते खरंच दचकले. “त्याचा काही संबंध नाही. पाच वर्षांपलीकडे कोणालाच ठेवत नाहीत. वरचं धोरण आहे. हे आधीच ठरलेलं होतं.”

आधीच म्हणजे कधी, हे तिने विचारलं नाही. बैठकीत ती गप्प राहिली असती तरी हे पाकीट असंच समोर आलं असतं. निदान बोलल्याची शिक्षा म्हणून मिळालं असतं, तर त्याला काही कारण तरी असतं.

“आणि दहावी ओळ?” तिने विचारलं.

“विचार चालू आहे,” ओगावा-सान म्हणाले.

शेवटच्या दिवशी तिने खण रिकामा केला. मागच्या कोपऱ्यात रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. २०२२च्या फेब्रुवारीतल्या, उरलेल्या. बारीक जपानी अक्षरांत एकच ओळ: राष्ट्रप्रमुख दामिबा, २४ जानेवारी २०२२ पासून.

“या चिठ्ठ्या कागद कापायच्या यंत्रात टाकू?” मियाता-सानने विचारलं.

“एक ठेवते.”

मियाता-सानने तिला दोन दिल्या. “एक वाकडी लागली तर,” ती म्हणाली.

मेच्या अखेरीस टपालाने नवी आवृत्ती आली. सोबत छापील आभाराचं पत्र होतं. शनिवारची दुपार होती. पुष्कर भाजी आणायला सायकल घेऊन गेला होता. कस्तुरीने उभ्या उभ्याच बुर्किना फासोचं पान काढलं.

नऊ ओळी होत्या. काबोरे २०१५–२०२२. त्याखाली त्राओरे २०२२ पासून. एक २०२२ला संपत होता, दुसरा २०२२लाच सुरू होत होता. मध्ये फट म्हणून कुठे दिसत नव्हती. मांडणी सुरेख होती; मियाता-सानचं काम नेहमीच सुरेख असायचं.

सई मागून डोकावली. पुस्तक तिने हातातून घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. पुस्तकासाठी काम केलेल्यांची नावं तिथे छापतात. “आई, युअर नेम?” तिने बोटाने यादी खाली नेली, मग परत वर.

“एक एप्रिलला कामावर असलेल्यांची असतात ती.”

“बट यू डिड इट.”

“हो.”

सईने शाळेच्या पिशवीतून गोंदाची कांडी आणि पट्टी आणून टेबलावर ठेवली.

“तुझं नाव यादीत चिकटवणार?” तिने विचारलं.

“नाही,” कस्तुरी म्हणाली. “तिथे नको.”

तिने कामावरून आणलेल्या दोन चिठ्ठ्यांतली सरळ कापलेली निवडली. ‘२४ जानेवारी २०२२ पासून’ याच्या पुढे बारीक पेनने ‘३० सप्टेंबर २०२२ पर्यंत’ असं लिहिलं. गोंदाचा पातळ हात दिला. दोन ओळींमध्ये जागा नव्हती, म्हणून समासात, बरोबर त्या दोघांच्या मधोमध, पट्टी धरून ती बसवली. अंगठ्याच्या नखाने चारही कडा दाबल्या. पुस्तक मिटून ओट्यावर ठेवलं. वजन म्हणून त्यावर पोळपाट ठेवला आणि पोळपाटावर तूरडाळीचा भरलेला डबा.

पुष्कर आला तेव्हा कणीक मळून तयार होती. त्याने ओट्याकडे पाहिलं.

“पोळपाट काढू?”

“राहू दे,” ती म्हणाली. “सुकायचंय अजून.” मग तिने कणीक झाकून फ्रिजमध्ये ठेवली आणि भाताला पाणी घेतलं.