मावशींची शिट्टी

मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या मावशीच म्हणायच्या. तोंडात दोन बोटं घालून त्या अशी शिट्टी मारायच्या, की मैदानाच्या पार टोकाची मुलगीही जागच्या जागी थबकायची. पण एका जोरदार चेंडूने त्यांचे पुढचे दोन दात पाडले. काढता-घालता येणारे दात बसवले, तर पहिल्याच फुंकरीला ते टुणकन उडून गवतात पडले. मुली हसून लोळल्या. मावशीही हसल्या, पण मनातून खट्टू झाल्या.

आज दातांची डॉक्टर असलेल्या त्यांच्या सख्ख्या भाचीने आपल्या माडीवरच्या दवाखान्यात शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज, म्हणजे कायमचे बसणारे नकली दात, पक्का चिकटवला.

"आता निघणार नाही ना गं?"

"फक्त मीच काढू शकते, मावशी. पण आजचा दिवस जरा दमानं!"

मावशींना कुठला धीर! त्यांनी खिडकी उघडली, बोटं तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकलं. शिट्टी रस्ताभर घुमली. खालचा सायकलवाला करकचून ब्रेक दाबून उभा राहिला.

भाचीने कपाळाला हात लावला. सरावाला अजून अवकाश होता, तरी मावशी पर्स उचलून जिना उतरतही होत्या.