काकूंनी लपवलेली मशीन

मित्रांनो, इटलीतल्या ट्रापानी गावात, बंदराजवळच्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलेली लाल रंगाची कॉफीची मशीन म्हणजे मी. आता माझं वय झालं आहे. दांड्यापाशी रंग उडाला आहे, वाफेची नळी जरा गळते, पण रोज सकाळी दोन कप कॉफी मी अजून बिनतक्रार देते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या शेकडो जणी तिथे एकाच दिवशी जन्मल्या, त्यामुळे बारसं वगैरे काही झालं नाही. पोटात एक छोटा पंप, पाणी तापवायची छोटीशी टाकी आणि बाकी बरंचसं प्लास्टिक, एवढाच माझा संसार. दुकानात मला खालच्या फळीवर ठेवलं होतं. वरच्या फळीवर पितळी घुमटाच्या थोरल्या बहिणी होत्या. लोक त्यांच्याकडे बघत आणि किंमत वाचून माझ्याकडे वाकत.

गास्पारेकाकाही असेच वाकले. त्यांनी अडतीस वर्षं बंदरासमोरच्या बारमध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानात, कॉफी केली होती. निवृत्त झाल्यावरही ते सकाळी दोनदा आणि जेवणानंतर एकदा तिथे जाऊन उभ्या उभ्या कॉफी पीत. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर तीन महिने जिना बंद. इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून नाइलाजानं घरासाठी मशीन घ्यायला ते नुच्चाकाकूंना घेऊन आले होते. पितळी घुमटाची किंमत त्यांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग मला एका हातानं उचललं.

"हिच्यात काही दम नाही," ते म्हणाले.

काकूंनी माझा दांडा फिरवून बघितला. "मनगटाला हलकी आहे. पाण्याची टाकीही बाहेर निघते, धुवायला बरं. हीच घेऊ."

घरी आल्याबरोबर काकांनी बाह्या सरसावल्या. गाळणीत कॉफी भरली आणि बारमध्ये दाबत तशी, सगळा भार टाकून दाबली. मित्रांनो, माझ्या गाळणीला तळाशी एकच बारीक भोक आहे. माझा जीव केवढा! मी कण्हले, थरथरले आणि चार काळे थेंब टाकून बंद पडले. त्यांनी तीनदा तसंच केलं. तिसऱ्यांदा तर मी ओटाभर चिखल उडवला.

"खेळणं आहे हे," काका म्हणाले. "मी दवाखान्यातून येईपर्यंत ही घरात दिसता कामा नये."

मला दुकानात परत करायची मुदत चौदा दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात गेले आणि काकूंनी माझं खोकं काढलं. मला फार वाईट वाटलं. एकही धड कप न देता परत जायचं, याची लाज वाटत होती. पण खोक्यात घालण्याआधी काकू थबकल्या. त्यांना मोकाची, म्हणजे शेगडीवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्याची, सवय होती. मोकात कॉफी दाबायची नसते, नुसती भरून बोटानं सारखी करायची असते. त्यांनी माझ्यातही तशीच भरली. मी श्वास घेतला आणि पहिल्यांदाच वर सोनेरी साय असलेली कॉफी कपात उतरवली. काकू ती उभ्यानंच प्यायल्या. मग त्यांनी खोकं पलंगाखाली सरकवलं आणि मला पिठाच्या डब्यामागे दडवलं.

मला वाटलं होतं, आता काका आले की माझं कौतुक होईल. पण काकूंना नवरा पुरता ठाऊक होता. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली तरी काका त्यांच्या हातची कॉफी कधी प्यायले नव्हते. घरची कॉफी म्हणजे पाहुण्या बायकांची, असं ते हसून म्हणत. काकूही हसत, पण ते त्यांना लागत असे, हे स्वयंपाकघरात त्या एकट्या असताना मी पाहिलं आहे. म्हणून काका घरी आल्यावर काकूंनी कपावर चंदेरी कागद लावला, बारमधून वर येणाऱ्या कपाला लावतात तसा, आणि बारमधून मागवली म्हणून सांगितलं. वाफेच्या आवाजात जन्म गेल्यानं काकांचे कान मंद झाले होते. माझी घरघर त्यांना कधी ऐकू गेली नाही.

बाराव्या दिवशी सावेरियो भेटायला आला. काकांच्या जागी बारमध्ये आता तो उभा राहत असे.

"शाबास," काका त्याला म्हणाले. "तू रोज वर पाठवतोस ती कॉफी माझ्याहून चांगली आहे. तुझा हात हलका आहे."

सावेरियो गोंधळला. "काका, आम्ही एकही कप वर पाठवला नाही."

काकूंनी फराळाची बशी खाली ठेवली. "मशीन मी परत केली नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "कॉफी मीच करते."

काका उठले. कुबडी घेऊन ते हळूहळू स्वयंपाकघरात आले आणि डब्यामागून मला स्वतः पुढे ओढलं. माझा पंप थंडच पडला. "माझ्यासमोर कर," ते म्हणाले. काकूंनी कॉफी भरली, बोटानं सारखी केली. ती दाबायला काकांचा हात आपोआप पुढे झाला, मध्येच थांबला आणि त्यांनी तो खिशात घातला. मित्रांनो, त्या दिवशी मी जेवढं मन लावून काम केलं, तेवढं पुन्हा कधी केलं नसेल.

काका एक घोट प्यायले. मग सावेरियोला म्हणाले, "गावातल्या प्रत्येक माणसाला मी कॉफी पाजली. आणि ही घरात होती, तर एकेचाळीस वर्षं हिला एकदाही विचारलं नाही."

"आता विचार," काकू म्हणाल्या.

"उद्याची करशील?"

"करीन."

त्याच संध्याकाळी माझं खोकं कचऱ्यात गेलं. आता दर दोन महिन्यांनी काका माझ्या पोटातला क्षार काढतात, गाळणी घासतात, टाकी धुतात. कॉफी मात्र काकूच भरतात. मित्रांनो, माझ्यासारख्या स्वस्त वस्तूंना फार काही लागत नाही. स्वच्छ ठेवा आणि हलक्या हातानं वागवा. आणि एखादी वस्तू तुमच्या हातून चालली नाही, तर तिला नावं ठेवून खोक्यात घालण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन बघा.