इंजिन गार असताना

माझे सासरे दत्तोबा, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार. निरवांगीहून निघून आठच्या आत बारामतीला पोचायचं. नवरा चाकणला कंपनीत, म्हणून गाडी मीच चालवते. टर्बो इंजिनची, यंदाच दुसऱ्याकडून घेतलेली. उन्हाळा-पावसाळा तिनं कधी दगा दिला नाही. थंडी पडली आणि बिनसलं. पहाटे सुरू केली की थरथरायची, बॉनेटखालून बारीक शिट्टी यायची, अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही. दहा-बारा किलोमीटर गेलं की आपोआप शहाणी व्हायची. बारामतीत गॅरेजला दाखवावी, तर तिथं अगदी गुणाची! एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं सेन्सर. तिसरा हसून म्हणाला, "मॅडम, गाडीला काही झालेलंच नाही."

डिसेंबरातल्या एका मंगळवारी ती गावाबाहेर फाट्यावरच बंद पडली. सुरू होई, परत बंद. तात्या मागं शाल गुंडाळून बसलेले. शनिवारपासून अंगात पाणी साठलेलं, त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. मी धुक्यात उभी राहून हात दाखवत होते. दोन गाड्या तशाच गेल्या. मग एक पिकअप थांबला. सणसरचे झुंबरभाऊ, ट्रॅक्टरचे मेकॅनिक, गावात सगळ्यांच्या ओळखीचे. निरवांगीत कुणाचा तरी ट्रॅक्टर दुरुस्त करून परत चालले होते.

मी बॉनेट उघडायला गेले, तर म्हणाले, "गाडी ऱ्हाऊ द्या वैनी. आधी तात्यांना पोचवू."

त्यांनी तात्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतःचं सणसर मागं टाकून थेट बारामतीच्या दवाखान्यापर्यंत आणलं. वाटेत एकच विचारलं, "गाडी गार असतानाच असं करती व्हय?"

"हो. तापली की काही नाही."

"मग गारच बघाया पायजे. गाडी ढकलत घरी न्या. उद्या मी येईस्तवर किल्ली लावू नका."

बुधवारी सकाळी साडेसहाला ते आमच्या अंगणात हजर. कानटोपी दवानं ओली झालेली. मला गाडी सुरू करायला लावली आणि स्वतः एक फवाऱ्याचा डबा घेऊन इंजिनावर वाकले. इंजिनात हवा नेणारा प्लास्टिकचा भाग जिथं जोडलेला असतो, त्या जोडावर बोटाबोटाच्या अंतरानं फवारत गेले. एका जागी फवारा बसला आणि थरथर एकदम थांबली. क्षणभरच. मग परत सुरू.

"घावलं!" ते म्हणाले. "हितनं हवा आत शिरतीया. फवाऱ्यानं फट बुजली, तवा थांबली. जोडातलं रबरी गॅस्केट वाळून कडक झालंय. गारठ्यानं आकसतं, फट पडती. तापलं की फुगून बसतं, मग बारामतीत कुणाला दिसणार? आन् अॅक्सिलरेटर दाबला की टर्बो जी हवा दाबून भरतो, ती ह्याच फटीतनं भाईर जाती. गाडी वढंल कशी?"

दुपारी त्यांनी बारामतीहून नवं गॅस्केट आणलं. जुनं काढताना त्याचे बोटातच तुकडे झाले. बसायची जागा कापडानं कितीदा तरी पुसली. बोल्ट मधल्यापासून कडेला, थोडे थोडे करून आवळले. "येकदम आवळलं की वाकडं बसतं," एवढंच बोलले.

गुरुवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. मी किल्ली फिरवली. थरथर नाही, शिट्टी नाही. मी तशीच बसून राहिले.

"काय झालं गं?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही तात्या. काहीच होत नाहीये."

परतीच्या वाटेवर तात्यांनी सणसरला गाडी थांबवायला लावली. डायलिसिसनंतर त्यांना दोन पावलंही जड जातात. तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून ते झुंबरभाऊंच्या गॅरेजपर्यंत चालत गेले.

झुंबरभाऊ ट्रॅक्टरखालून घाईनं बाहेर आले. "तात्या, कशाला उतरलात? मी आलो असतो की!"

"मानूस उभं राहून आभार मानतं बाबा, गाडीत बसून न्हाय." तात्यांना धाप लागली होती. "तू नसतास तर मंगळवारी माझं काय खरं नव्हतं." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "आन् ही पोर दोन वरसं मला नेती-आणती. हिला मी कधी येक शब्द बोललो न्हाय. आज तुझ्याम्होरं बोलतो. लय केलंस गं, रेश्मा."

झुंबरभाऊंनी काळे झालेले हात पुसत खुर्ची पुढं केली, आणि मी तात्यांना धरून हळूच बसवलं.