दिवे लागल्यावरची चाचणी

"उड्डाण संध्याकाळीच होईल, दिवे लागल्यावर," नंदा म्हणाली.

समोर बसलेल्या श्यामकांत सरांचा हात चहाच्या कपावरच थांबला. उपग्रहाच्या सिग्नलवर विमान धावपट्टीवर उतरवणारी यंत्रणा त्यांच्या कंपनीची होती. ती पास की नापास, हे आता विमान खात्याच्या अंधेरीच्या या ऑफिसात नंदा ठरवणार होती. सकाळची एक फेरी आधी घेऊ, असं त्यांनी पुन्हा सुचवून पाहिलं. नंदाने ऐकलं नाही.

एके काळी, कंपनीत जाण्याआधी, इथेच ते तिचे साहेब होते. सूर्यास्तानंतर आपल्याकडे आकाशाच्या वरच्या थरात खळबळ होते, सिग्नल तुटतो, विमानाला उंची चुकीची कळते, हे तिने तेव्हाच अहवालात लिहून दिलं होतं. ते वाक्य काढायला ती तयार होईना, म्हणून त्यांनी तिला आसामला धाडलं. दिंडोशीच्या घरी तिचे वडील राजाराम अंथरुणाला खिळले होते. थोडे दिवस थांबू द्या, एवढं मागायला ती साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळली. आत बोलावणं आलंच नाही. वडील गेल्याचं कळून ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

संध्याकाळी विमान उतरताना घाटकोपरच्या टॉवरांवर आलं आणि पडद्यावरची उंची उड्या मारू लागली. विमान आधीच खाली होतं, तरी यंत्रणा त्याला आणखी खाली न्यायला बघत होती. वैमानिक मुकुल सावध होता. त्याने विमान हातात घेऊन वर काढलं. त्याच्या मागेच बसलेल्या नंदाला भीती वाटली नाही. बरं वाटलं.

उतरल्यावर श्यामकांतांनी दुरुस्तीसाठी मुदत मागितली. ती सगळ्यांनाच मिळायची. द्यायची की नाही, हे तिच्या हातात होतं.

"नाही मिळणार, सर."

"सूड उगवतेयस?"

"हो. यंत्रणा नापास झाली ती तिच्या चुकीने. मुदत नाही, ती माझ्या बाबांसाठी. तेव्हा तुम्ही थोडे दिवस दिले असतेत, तर आज मीही दिले असते."

ते बॅग उचलून गेटकडे निघाले. मुकुल मात्र नंतर जवळ येऊन हळूच म्हणाला, "एक चान्स द्यायचा ना, मॅडम. त्यांच्याकडची पोरं खूप राबलीत." ती गाडीकडे वळली.

गेटबाहेर रिक्षा थांबत नव्हत्या. खांद्यावरची बॅग सावरत श्यामकांत प्रत्येकीला हात करत होते. त्यांचं घर गोरेगावला, तिच्या वाटेवरच. नंदाची गाडी त्यांच्या अगदी जवळून गेली. तिने काच खाली केली नाही.

पुढे सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिने आरशात पाहिलं. त्यांनी बॅग खाली ठेवली होती आणि ते फुटपाथच्या कडेला बसले होते.